नळीवर काहीच लिहिलेलं नाही!

मंडळी, मागचे तीन वीकांत एका बंदुकीत गेले. हो, बंदुकीत! ऑफिसात सांगितलं तेव्हा आमच्या टीम लीडने खुर्ची दोन फूट मागे सरकवली. :) म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

तर झालं असं. पेण तालुक्यातलं गडब हे माझं आजोळ. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडलं की थोड्याच वेळात येतं. एका बाजूला खाडी, खारजमिनी, आता डोलवीचा पोलादाचा कारखाना. दुसऱ्या बाजूला डोंगराकडची वरकस जमीन. त्या वरकस जमिनीत रानडुकरं उतरायची आणि म्हणून आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची एक बंदूक होती. माझ्या अख्ख्या लहानपणी ती माजघरातल्या खुंटीवर लटकलेली. हात लावलास तर हात तोडीन, हे आजोबांचं वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

आजोबा गेले. परवाना त्यांच्या नावावर होता, त्यामुळे कायद्याप्रमाणे मामाने बंदूक एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली, पावती घेतली आणि ती आपल्या नावावर व्हावी म्हणून अर्ज केला. अर्ज परत आला. कारण? 'बोअर' हा रकाना रिकामा. जुन्या परवान्यावर नुसतं 'एकनळी बंदूक' एवढंच लिहिलेलं, पुढची शाई केव्हाच उडालेली. बंदुकीवर ना कंपनीचं नाव, ना नंबर, ना आकडा.

मामाचा फोन आला. "भाच्या, तू इंजिनीअर हायस ना? मग सांग कनची बंदूक हाय ती."

मी म्हटलं, "मामा, मी सॉफ्टवेअरवाला आहे."

"मग काय झालं? यंत्रच हाय ना ते पण."

या युक्तिवादापुढे बोलणंच खुंटलं. आणि खरं सांगायचं तर मलाही खाज होतीच. डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा माणूस सोडून गेलेला, आणि प्रोडक्शनमध्ये शंभर वर्षं चाललेला कोड! असलं काही हाती आलं की आपल्या जमातीला राहवत नाही.

पण मामाच्या मनात दुसरंच होतं, ते मला नंतर कळलं. घरात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ही साधी बंदूक नाही, ही सरकारी रायफल आहे आणि ती वासुदेव बळवंतांच्या बंडातून आमच्याकडे आली. मामाला रकाना भरायचा होताच, पण त्या गोष्टीवर शिक्काही हवा होता.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वासुदेव बळवंत फडके आमच्याच पट्ट्यातले. १८४५ साली पनवेलजवळच्या शिरढोणला जन्म. गडबहून पनवेलला जाताना याच महामार्गावर शिरढोण लागतं. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारा हा माणूस १८७९ साली रामोशी आणि कोळी साथीदार घेऊन इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून कोकणात आले आणि पळस्पे, चिखली इथे त्यांनी धाडी घातल्या. तेच पळस्पे, जिथे आज आपण गोव्याला जायला वळतो. परत घाटावर जाताना दौलतराव मारले गेले. मग त्या धावपळीत एखादी बंदूक गडबला पोचली असेल, असं आमच्या घरच्यांना वाटलं तर त्यात नवल काय?

शिवाय दिसायला ती रायफलच! चापाच्या खाली एक लोखंडी दांडी आहे. ती खाली ओढली की नळीच्या मागचा लोखंडी ठोकळा खाली झुकतो, काडतूस घालायला वाट मोकळी होते. दांडी वर घेतली की ठोकळा बंद. एका वेळी एकच बार. ज्यांनी 'झुलू' हा १९६४ सालचा सिनेमा पाहिलाय त्यांना लगेच ओळखू येईल. लाल डगल्यातले सोजीर ज्या रायफली झाडत असतात ती मार्टिनी-हेन्री, तिचीच ही रचना. फ्रिडरिश फॉन मार्टिनीने बसवलेला झुकणारा ठोकळा आणि एडिनबर्गच्या अलेक्झांडर हेन्रीची पीळदार नळी, असं ते जोडनाव. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ साली स्वीकारली. म्हणजे १८७९ च्या बंडाच्या वेळी ती अगदी ताजी होती. इथवर मामाची गोष्ट जुळत होती.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सपेक्षा सोपं आहे.

बंदुकीचं माप म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास. पण तो सांगायच्या दोन पूर्णपणे वेगळ्या पद्धती आहेत. रायफलीचं माप सरळ इंचात सांगतात. 'थ्री नॉट थ्री' म्हणजे ०.३०३ इंच, ७.७ मिलिमीटर. छर्ऱ्याच्या बंदुकीचं माप मात्र उलटं. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या १२ गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोब्बर बसेल ती १२ बोअर. म्हणजे आकडा वाढला की भोक लहान! (ज्याने हे ठरवलं त्याचं कोड रिव्ह्यू कोणी केलं नसावं.) विश्वास बसत नसेल तर गणित करून बघा. पौंडाचे ४५३.६ ग्रॅम, त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम, शिशाची घनता ११.३४. व्यास येतो १८.५ मिलिमीटर. मी लोकलमध्ये मोबाईलवर करून पाहिलं आणि उत्तर जुळल्यावर उगाच खूश झालो.

दुसरा फरक नळीच्या आतला. रायफलीच्या नळीत पिळाचे चर पाडलेले असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि लांबवर सरळ जाते. मार्टिनी-हेन्रीत असे सात चर, आणि २२ इंचात एक पूर्ण फेरा. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. कायद्याच्या भाषेत, मराठी बोलीत आपण काहीही म्हणत असलो तरी, चर असले तर रायफल, नसले तर बंदूक.

म्हणून रकान्यातला आकडा महत्त्वाचा. परवाना बंदुकीचा, आणि वस्तू निघाली रायफल, तर मामाची पंचाईत. त्याहून वाईट म्हणजे काही मापं सामान्य माणसाला वर्ज्यच आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ साली जे नियम झाले, त्यात पहिल्याच वर्गात थ्री नॉट थ्रीच्या रायफली होत्या आणि त्यांच्याच पंगतीला '०.४१० ची मस्केट' बसवलेली होती. थ्री नॉट थ्री समजू शकतो, ती लष्कराची. पण ही ०.४१० ची मस्केट काय प्रकार आहे? इथून माझा पाय घसरला आणि दुसरा वीकांत इतिहासात गेला.

मी संशयितांची यादी करायला बसलो होतो. जुनी, एकबारी, सरकारी वाटणारी बंदूक हिंदुस्थानात कुठल्या कुठल्या मापाची असू शकते? यादी झाली, आणि तिच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की यातला जवळजवळ प्रत्येक आकडा १८५७ च्या धसक्यातून आलेला आहे.

१८५७ ची काडतुसं आपण शाळेत शिकलो. ती होती १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची, ०.५७७ इंच, पीळदार नळी. उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांना प्रश्न पडला: हिंदी शिपाई तर हवेत, पण त्यांच्या हातात चांगली रायफल द्यायची का? उत्तर फार सोपं निघालं. त्याच एनफिल्डसारखी दिसणारी, पण आतून गुळगुळीत, सुमारे ०.६५ इंच भोकाची मस्केट बनवली. १८५८ चा नमुना. लांबून बघाल तर गोऱ्या आणि काळ्या शिपायाच्या खांद्यावर तीच बंदूक. फरक नळीच्या आत! गोऱ्याची गोळी कित्येक शे यार्डांवर नेम धरून जाणार, हिंदी शिपायाची शंभरेक यार्डांपुढे भरकटणार. कवायतीत काही कळायचं नाही. परत बंड झालं तरच कळेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच प्रॉडक्ट, दोन परमिशन लेव्हल.

पुढे १८६६ साली जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या युक्तीने जुन्या एनफिल्डला मागून काडतूस भरायची सोय झाली. ती स्नायडर-एनफिल्ड, माप तेच ०.५७७. १८७१ ला मार्टिनी-हेन्री आली, ०.४५० इंच. आता गंमत बघा. मार्टिनी गोऱ्या पलटणींना मिळाली आणि त्यांच्या उतरवलेल्या स्नायडर हिंदी पलटणींना. धाकट्या भावाने थोरल्याचे कपडे घालावेत तसं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. आपल्या मुंबई इलाख्याच्या दोन पलटणी तिथे होत्या, पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्स रायफल्स. त्यांच्या हाती स्नायडर, आणि त्याच रांगेत उभ्या असलेल्या ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी. लढाई इंग्रज हरले. हरण्याची कारणं बरीच होती, पण समोरून एकच शत्रू चाल करून येत असताना एका रांगेत दोन पिढ्यांची हत्यारं, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. १८८८ पासून गोऱ्यांना थ्री नॉट थ्री मिळायला लागली, तेव्हा कुठे मार्टिनी खाली सरकली.

म्हणजे १८७९ साली हिंदुस्थानात मार्टिनी होती ती गोऱ्या पलटणींकडे. वासुदेव बळवंतांच्या माणसांना एखादी मिळणं अशक्य नव्हे, पण फार कठीण. मामाच्या गोष्टीला इथे पहिली चीर गेली. मी त्याला लगेच सांगितलं नाही.

सैन्याचं झालं, आता साध्या माणसाचं. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही, आणि युरोपियनांना त्यातून सूट. सुरुवातीच्या काळातल्या काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केले होते ते उगाच नाही. पण परवाना मिळालेल्या माणसालाही कुठल्या मापाची बंदूक द्यायची, हा प्रश्न उरलाच. भीती अशी की त्याच मापाची सरकारी काडतुसं चोरीला गेली की ती खाजगी बंदुकीत चालणार. म्हणून लष्करी मापं सामान्यांना बंद! १९०७ च्या सुमाराला ०.४५० वर अशी बंदी आली, कारण मार्टिनीच्या काडतुसांचं माप तेच. गंमत म्हणजे त्याचा फटका बसला वाघ-हत्ती मारणाऱ्या साहेबांना आणि विलायतेतल्या बंदूक कारखानदारांना, कारण त्यांच्या सगळ्यात खपणाऱ्या शिकारी रायफली ०.४५० च्याच होत्या. मग त्यांनी धडाधड नवी मापं काढली, ०.४७०, ०.४६५ वगैरे. आजही ०.४७० हे मोठ्या शिकारी रायफलीचं नावाजलेलं माप आहे. त्याचा जन्म हिंदुस्थान सरकारच्या धास्तीतून झाला! आपल्याकडे परवान्यावर मिळणारी ०.३१५ ची रायफल आहे ना, तिचंही मूळ हेच. थ्री नॉट थ्री द्यायची नाही, म्हणून दुसरं माप.

आणि ती ०.४१० ची मस्केट? ती तर कळस आहे. पोलीस आणि पहारेकऱ्यांना हत्यार तर द्यायला हवं, पण त्यांच्यावरही पूर्ण भरवसा नाही. मग बंगालातल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात नेहमीच्या थ्री नॉट थ्री रायफलीची नळी गुळगुळीत, ०.४१० इंचाची केली. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे दहा गोळ्यांची रायफल एकबारी झाली. काडतूसही वेगळं, थ्री नॉट थ्रीचंच पितळ पण तोंड न आवळलेलं, सरळ. बाजारात मिळणारं ०.४१० चं छर्ऱ्याचं काडतूस तिच्यात मुळात बसतच नाही. म्हणजे हत्यार पळवलं तरी काडतुसं सरकारकडूनच आणावी लागणार. विक्रेत्याला बांधून ठेवणारं प्रिंटरचं शाईचं डबडं आठवलं ना? अगदी तेच.

इंग्रज हे फक्त हिंदुस्थानातच करत होते असंही नाही. पहिल्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने इजिप्तच्या पोलिसांसाठी मार्टिनी पद्धतीचीच एकबारी बंदूक बनवली. तिचं माप मुद्दाम विचित्र, १४ बोअर, आणि काडतूस मागे जाड, पुढे आवळलेलं. कोणी कागद गुंडाळून साधं काडतूस जमवून घेऊ नये म्हणून पुढच्या नमुन्यात काडतूस पेटवणारी सुईसुद्धा तीन टोकांची केली. नेमकी हीच बंदूक पुढे माझ्या जिवाला घोर लावणार होती.

तिसरा वीकांत. मी, मामा आणि माझं फर्स्ट इयरच्या वर्कशॉपपासून जपलेलं व्हर्निअर कॅलिपर, असे तिघे विक्रेत्याच्या दुकानात. दुकानदारकाका साठीचे, हातावर तेलाचे डाग. त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्याच टेबलावर सगळं केलं. ही गोष्ट मी ठळक अक्षरात लिहिली असती: असले उद्योग घरी करू नका. बंदूक ज्याच्या ताब्यात कायद्याने आहे, त्याच्यासमोरच करा.

मी विचारलं, "काका, सरळ एकेक काडतूस घालून बघायचं ना, कुठलं बसतंय ते?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी डिग्री परत करावीशी वाटली.

"साहेब, २० बोअरचं काडतूस १२ च्या नळीत टाकलं तर ते घसरून आत जाऊन अडकतं. मागून बघितलं तर नळी रिकामी दिसते. मग माणूस १२ चं घालतो आणि चाप ओढतो. पुढे काय होतं ते मी दोनदा पाहिलंय. बसलं म्हणजे बरोबर, असं नसतं."

गप्प बसलो. टेस्ट पास झाली म्हणजे कोड बरोबर असं नसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पहिलं काम, ठोकळा उघडून नळी रिकामी असल्याची खात्री. दुसरं, नळीखालचं लाकूड काढणं. वरून काही लिहिलेलं नसलं तरी विलायती नळीच्या पोटाला चाचणीचे शिक्के असतात, कारण १८६८ च्या कायद्याने तिथे प्रत्येक नळीची सरकारमान्य चाचणी सक्तीची होती. लाकूड निघालं. खाली नुसता गंज, खवल्या-खवल्यांचा. खाडीवरून येणारा खारा वारा शंभर वर्षं त्या लाकडात मुरला होता. शिक्के असलेच तर ते त्याने केव्हाच खाल्ले. लॉग फाईल करप्ट!

मग नळीत बॅटरीचा उजेड टाकला. पीळ दिसेना. पण काकांनी बजावलं की घासलेल्या, गंजलेल्या नळीत चर नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, माप घ्या. मी कॅलिपर लावलं. स्नायडर असेल तर १४.७ मिलिमीटर, मार्टिनी-हेन्री ११.४, मस्केट १०.४, थ्री नॉट थ्री ७.७. सगळे आकडे कागदावर तयार. मार्टिनी निघाली तर एक अडचण येणार होती, तीही वाचून ठेवली होती. सात चर म्हणजे विषम संख्या. एका चराच्या बरोबर समोर दुसरा चर येत नाही, उंचवटा येतो, त्यामुळे कॅलिपरने खोली मोजताच येत नाही. अशा वेळी मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत पार नेतात आणि तिच्यावर उमटलेला ठसा मोजतात. शिसंही आणलं होतं.

त्याची गरजच पडली नाही. नळीच्या तोंडाशी आकडा आला १७.६.

मार्टिनी-हेन्री नाही, स्नायडर नाही, ०.४१० ची मस्केटही नाही. सरकारी रायफलींची अख्खी यादी एका फटक्यात बाद. ०.४५० ची नळी कोरून कोरून १७.६ केली असेल? शक्य नाही, तेवढं कोरल्यावर तोंडाशी भिंत म्हणून काही उरलीच नसती. पण मग आनंदही होईना, कारण १२ बोअर म्हणजे १८.५, आणि १७.६ म्हणजे... १४ बोअर! मार्टिनीचा सांगाडा, एकबारी, १४ बोअर. इजिप्तच्या पोलिसांची बंदूक गडबच्या खुंटीवर? माझ्या कपाळावर घाम. खास पोलिसांसाठी बनवलेलं हत्यार म्हणून अर्जात लिहायचं, तर मामाचा परवाना विसराच.

काका शांतपणे उठले. कपाटातून पितळी मापांचा जुडगा काढला, लांब दांडीला गोल बिल्ले. एक बिल्ला मागच्या बाजूने नळीत घातला, सरसर पुढे गेला, आणि तोंडापासून चारेक बोटांवर अडला. "वाचा," म्हणाले. १८.५.

मी कॅलिपर तोंडाशीच लावत होतो. कॅलिपरचे जबडे तेवढेच आत जातात! नळी पूर्ण लांबी १८.५ ची होती आणि फक्त शेवटी थोडी आवळलेली. छर्रे बाहेर पडताना फार फाकू नयेत म्हणून अशी आवळतात, चोक म्हणतात तिला. एका टोकाचा डेटा घेऊन मी अख्ख्या नळीवर निष्कर्ष काढला होता. पुढचं काकांनी पटापट केलं. मागच्या बाजूला, जिथे काडतूस बसतं, ती जागा सरळ निघाली, आवळलेली नाही. म्हणजे इजिप्त बाद. मागचा व्यास २०.६ च्या आसपास, लांबी ६५ मिलिमीटर. १२ बोअर, जुन्या आखूड काडतुसाची. काकांनी हेही सांगितलं की आज सर्रास मिळणारं काडतूस ७० मिलिमीटरचं असतं, ते उडताना पुढे उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. त्यामुळे ही बंदूक नावावर झाली तरी उडवायची नाही. मामाने मान डोलावली.

आणि त्या चोकनेच खटल्याचा निकाल लावला. पीळदार नळीला चोक नसते, ती छर्ऱ्यांसाठीच असते. म्हणजे ही नळी जन्मापासून छर्ऱ्यांचीच. कोणाची रायफल बिघडवून केलेली नाही, पलटणीतून पळवलेली नाही, बंडातली नाही. मार्टिनीचा मजबूत, स्वस्त सांगाडा आणि त्यावर छर्ऱ्याची नळी, अशा बंदुका बाजारात नागरिकांसाठीच विकल्या जायच्या. रायफलीचं सोंग घेतलेली शेतकऱ्याची बंदूक!

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे वासुदेव बळवंतांची नाय."

"नाही मामा."

"रायफल पण नाय."

"रायफल नाही म्हणूनच तर तुझा अर्ज मंजूर व्हायची आशा आहे."

तो हसला, पण पूर्ण नाही. परतीच्या गाडीत मी त्याला १८५८ च्या मस्केटची गोष्ट सांगितली. बाहेरून रायफल आणि आतून गुळगुळीत. गोऱ्याच्या हातात काय आणि आपल्या हातात काय. मार्टिनी-हेन्रीसारखीच दिसणारी ही बंदूक पणजोबांना मिळाली ती गुळगुळीत नळीची, छर्रे फारतर पन्नासेक पावलांवर नीट जातील अशी. डुकराला पुरे, सरकारला धोका नाही. त्यांनी दुकानात जाऊन आवडीने निवडली असेलही, पण त्यांच्यापुढे निवडायला काय ठेवायचं, हे फार आधी, फार लांब कोणीतरी ठरवून टाकलं होतं.

मामाने वडखळच्या नाक्यापर्यंत विचार केला. तिथे ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. मग म्हणाला, "म्हंजे बंडाची बंदूक नाय, पण बंड होऊ नये म्हणून दिलेली बंदूक हाय."

मी इतकी पानं खरडली, आणि माणसाने एका वाक्यात संपवलं!

असो. अर्ज पुन्हा भरला. बोअरच्या रकान्यात '१२, एकनळी, आतून गुळगुळीत' असं काकांच्या सही-शिक्क्याच्या दाखल्यासकट लिहिलं. निर्णय अजून यायचाय. बंदूक दुकानातच आहे आणि माजघरात खुंटी रिकामी आहे. मागच्या रविवारी मामा पोरांना गोष्ट सांगत होता. ऐकलं तर त्यात वासुदेव बळवंत होतेच, पळस्पे होतं, पण आता मैवंदसुद्धा आलं होतं आणि १७.६ चा आकडा बघून घाबरलेला एक इंजिनीअर भाचाही. :)

लेख फारच लांबला. सोमवारची बिल्ड उरावर आहे, तेव्हा थांबतो.